फुगडी सोडताना

धाकट्या सुनेला माणसं कळत नाहीत, किलो कळतात, अशी यल्लूबाई धोत्र्यांची तक्रार होती. पृथ्वी सोडल्याला चार महिने झाले होते आणि तेवढ्या काळात ती त्यांनी यानातल्या झाडून सगळ्यांना ऐकवली होती. सूनबाई सकाळी उठून सासूला तब्येत विचारत नाही, वजन विचारते. पाहुणा आला तर या-बसा म्हणायच्या आधी काट्यावर उभा करते. आणि परवा तर कहर झाला. चटणी वाटताना सासूच्या पाट्याकडे बघून म्हणते कशी, वरवंट्यासकट एकतीस किलो, आत्या, विसरू नका.

आता हा पाटा काही बाजारातून आणलेला नव्हता. यल्लूबाईंच्या नवऱ्याने लग्नाच्या वर्षी काळ्या पत्थरातून स्वतःच्या हाताने घडवलेला होता. नवरा गेला, पाटा राहिला. प्रत्येकाला खाजगी सामानाची मुभा होती, त्यात त्यांनी तो बसवला होता. आणि सुनेने स्वतः काय आणलं होतं? दुर्बीण! तिचे वडील शाळामास्तर. त्यांनी दोन वर्षं खपून हाताने आरसा घासून बनवलेली, पेटीसकट अठ्ठावीस किलोंची. तिच्या खोलीत चार पट्ट्यांनी भिंतीला बांधून ठेवलेली. तिचे किलो तेवढे किलो नव्हेत काय, असं यल्लूबाई विचारत, पण सुनेला नव्हे, इतरांना.

यल्लूबाईंची शाळा तिसरीत सुटली होती. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं त्यांनी खाणी बघितल्या. आज त्या पाथरवटांच्या पथकाच्या आक्का होत्या. मंगळावर घरं बांधायची तर तिथलाच दगड फोडून बांधावी लागणार, आणि दगडाची शीर, म्हणजे तो कुठल्या रेघेवर फुटेल ते, ओळखणारं यंत्र अजून कुणी काढलेलं नव्हतं. म्हणून अडतीस माणसं निघाली होती. सून कार्तिकी मात्र दगडासाठी आलेली नव्हती. ती यानाची दिशागणिती होती. यान कुठे आहे, कुठे जायला हवं आणि त्यासाठी कधी किती ढकलायचं, हे तिने सांगायचं.

यानाचं कागदोपत्री नाव जोडयान. पथकातल्या बायका त्याला फुगडी म्हणत, आणि ते काही चुकीचं नव्हतं. दोन सारखी घरं, शंभर शंभर टनांची. एकाला उगवत म्हणत, दुसऱ्याला मावळत. दोन्हींना जोडणारा एक किलोमीटर लांबीचा तणावदोर. दोन पोरींनी हात धरून मागे रेलून गरगरावं तशी ती दोन घरं एकमेकांभोवती फिरत, सत्तर सेकंदांत एक फेरी. त्या फिरण्यामुळेच आत माणसाला वजन येई, पृथ्वीवरच्यापेक्षा निम्म्याहून थोडं कमी. पाय जमिनीवर टेकत, भात ताटात राही. दोराच्या बरोबर मधोमध होती मध्यगाठ. तिथे मार्गदुरुस्तीचं इंजिन बसवलेलं होतं. ते तिथेच का? तर दोन्ही घरांचा तोलबिंदू तिथे पडे. सगळं यान फिरत असताना तेवढी एकच जागा स्थिर, आणि तिथून ढकललं तरच यान न डगमगता सरळ ढकललं जाई.

म्हणून कार्तिकीचा नियम होता. दोरावरून सरकत्या डब्यात बसून या घरातून त्या घरात कुणी निघालं की तितक्याच वजनाचं पाणी उलट बाजूला गेलं पाहिजे. पाणी भरायला अर्धा तास लागे. तेवढा वेळ ताटकळत बसायचं.

अशात पथकात बारसं निघालं. यल्लूबाईंच्या भाचसुनेने निघताना पोटुशी असल्याचा कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. प्रवासाच्या चौथ्या महिन्यात उगवतीच्या घरात तिला मुलगी झाली आणि माणसं एकोणचाळीस झाली. तोपर्यंत दोन ग्रहांच्या मधे कुणी जन्मलं नव्हतं. यल्लूबाईंनी सगळ्या पथकाची एक पंगत ठरवली. कार्तिकी म्हणाली, दोन पंगती करा, नऊ नऊ माणसं आणते. अर्ध्या गोताने बारसं होतं होय? यल्लूबाई सुनेशी वाद घालत बसल्या नाहीत. सरकता डबा चालवणाऱ्या पुतण्याला, दशरथला, त्यांनी सांगितलं की पाणी-बिणी काही नको, एका जेवणाचा तर प्रश्न आहे, तीन खेपांत सगळ्यांना घेऊन ये. दशरथ पन्नाशीचा माणूस, पण आक्कांपुढे त्याचं तोंड उघडत नसे. दुपारी बारा वाजता मार्गदुरुस्ती आहे, कुणी हलू नये, असा फलक भिंतीवर लागलेला होता. तो त्याने वाचला होता. यल्लूबाई फलक वाचत नसत. ज्याला सांगायचंय त्याने तोंडाने सांगावं, असं त्यांचं म्हणणं.

बारा वाजता बाळाच्या आत्याने त्याच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि त्याच वेळी पायाखालची जमीन गलबतासारखी कलली. ताटं घसरली. मग लांबून, दोरातून आल्यासारखा, एक घरघराट आला आणि थांबला.

झालं ते असं. अठरा माणसं मावळतीतून उगवतीत आली. सव्वा टन वजन हललं. त्याबरोबर तोलबिंदू सहा मीटर सरकला. इंजिन पेटलं तेव्हा ते तोलबिंदूवर नव्हतंच. त्याला वाटलं यान डोलतंय, म्हणून ते सारखं तोंड वळवू लागलं, आणि त्या वळवावळवीत इंधनाची नळी पिळून तुटली. अर्ध्या तासात सगळं इंधन पोकळीत गेलं.

यल्लूबाई मावळतीच्या नियंत्रणखोलीत जायला निघाल्या. दशरथने डबा लगेच सोडायला घेतला, तर त्याच म्हणाल्या, पाणी भर आधी. अर्धा तास त्या डब्यात कुरकुर न करता ताटकळत बसल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा.

नियंत्रणखोलीत कार्तिकी आणि इंजिनांचे जाणकार फिरोज तांबोळी समोरासमोर बसले होते. यल्लूबाईंनी बसायची वाट पाहिली नाही.

“तांबोळीसाहेब, ती पंगत मी बसवली. दशरथला कुणी बोलायचं नाही.”

“माहीत आहे, आत्या,” कार्तिकी म्हणाली. “तोलबिंदू किती सरकला ते दिसलं, त्यावरून किती माणसं हलली तेही कळलं. अठरा.” तिने आवाज चढवला नाही. यल्लूबाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. ओरडली असती तर उत्तर देता आलं असतं.

तांबोळींनी परिस्थिती सांगितली. यानाचा वेग सेकंदाला चोपन्न मीटरने कमी पडत होता. ऐकायला ते काहीच नव्हतं, रस्त्यावरची मोटारसुद्धा त्याहून फार मागे नसते. पण बासष्ट दिवस तोच तोटा साचत गेला की यान मंगळापासून जवळजवळ तीन लाख किलोमीटर लांबून निघून जाईल, आणि पुढे त्याला थांबवणारं कुणी नाही. मंगळबंदराच्या ओढनौका यानाला पकडायला पुढे येतात, पण ठरल्या जागेपासून चाळीस किलोमीटर. त्यापलीकडे त्यांचा हात पोचत नाही.

“ढकलायला काहीतरी मागे फेकावं लागतं,” तांबोळी म्हणाले. “इंजिन तेच करतं, धूर मागे फेकतं आणि आपण पुढे जातो. आता फेकायला आपल्याकडे काही उरलं नाही.”

“आहे,” कार्तिकी म्हणाली. “अर्धं यान आहे.”

तांबोळींनी कागद ओढला. तिने तिथेच मांडून दाखवलं. उगवत आणि मावळत दोन्ही घरं सेकंदाला पंचेचाळीस मीटर वेगाने फिरताहेत, एकमेकांच्या उलट दिशेने. प्रत्येक फेरीत एक क्षण असा येतो की उगवत नेमकी मंगळाच्या वाटेने धावत असते. त्या क्षणी दोर सोडला तर ती त्याच दिशेने तशीच जाईल.

“सोडल्यावर बाहेर नाही उडत माणूस,” यल्लूबाई दारातूनच म्हणाल्या. दोघांनी वळून पाहिलं. “पोरी म्हणतात, हात सुटला की बाहेर फेकलं जातं. तसं नसतं. त्या घडीला पाय जिकडे धावत असतात तिकडेच जातो, सरळ. मी लहानपणी अशीच सुटले होते. माझी जोडीदारीण माझ्या दुप्पट. ती तिथल्या तिथे बसली. मी पार गोठ्याच्या भिंतीला. ही बघा खूण.” त्यांनी भुवईवरचा व्रण दाखवला.

कार्तिकीने सासूकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं.

“तुम्ही लांब गेलात, कारण तुम्ही हलक्या होता, आत्या. आणि आपल्याला तेच करायचंय.”

मग तिने समजावलं, आणि यल्लूबाईंना ते पटकन कळलं, याचं तांबोळींनाच आश्चर्य वाटलं. वजन आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. फुगडीतल्या दोघींचा संवेग नेहमी सारखा आणि उलट असतो. जाडी हळू फिरते, बारकी जोरात, पण गुणाकार तोच. बाहेरून कुणी हात लावत नाही तोवर तो बदलत नाही, कमी होत नाही, हरवत नाही. आज दोन्ही घरं सारखी आहेत म्हणून पंचेचाळीस. पण सगळी माणसं उगवतीत आणली, आणि उगवतीतलं वजन उपसून मावळतीत टाकलं, तर उगवत हलकी होईल आणि मावळत जड. उगवत शंभर टनांवरून त्र्याऐंशीवर आली की तिचा वेग होतो चोपन्न.

“म्हणजे सतरा टन,” तांबोळी म्हणाले.

“बारा टन पाणी देता येईल. पाच टन सामान.” कार्तिकी थांबली. “पथकाची सगळी हत्यारं त्यात आली. आणि कपडे-बूट सोडून सगळ्यांचं खाजगी सामान. दुर्बीण तेवढी ताऱ्यांच्या मोजणीला राखीव म्हणून राहील. वजन अगदी नेमकं लागेल. तीस किलो इकडचे तिकडे झाले तरी मंगळापाशी शंभर किलोमीटरचा फरक पडतो.”

तीस किलो म्हटल्यावर तिने सासूकडे पाहिलं नाही. यल्लूबाईंच्या ते लक्षात आलं.

पुढचे आठ दिवस सरकता डबा अखंड चालला. घण गेले, पहारी गेल्या, छिन्न्यांच्या पेट्या गेल्या. ज्यांनी बापाकडून हत्यार घेतलं होतं त्यांचे हात पेटी सोडताना अडखळत. कुणी कुरकुरलं, की मंगळावर उतरून नखांनी दगड फोडायचा काय? यल्लूबाईंनी ऐकून घेतलं, मग आपला पाटा कमरेवर उचलला, चारचौघांसमोर डब्यात नेऊन ठेवला आणि वर बसलेली धूळ पदराने पुसली. त्यानंतर कुरकुर झाली नाही.

त्या दिवसांत त्यांनी सुनेला नीट पाहिलं. इतकी वर्षं त्या खाणीवर सुरुंग लावणारी माणसं बघत आल्या होत्या. चांगला सुरुंगवाला कधी घाई करत नाही, आणि स्वतःच्या हातावर विश्वास असला तरी वात दोनदा तपासतो. कार्तिकी तशीच होती. तिने प्रत्येक गोणी तोलली, प्रत्येक माणूस तोलला, बाळाला तोललं. तीन किलो आठशे. डब्यापाशी ती सोळा सोळा तास उभी राही. तिच्याकडून एकदाही आकडा चुकला नाही, आणि बारशाचा विषय एकदाही निघाला नाही. रात्रीच्या जेवणाला यल्लूबाई तिचं ताट झाकून ठेवू लागल्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

सोडायचा दिवस आला. एकोणचाळीस माणसं वीस माणसांच्या घरात दाटीवाटीने भिंतींना टेकून बसली. कळ यंत्रच दाबणार होतं, कारण माणसाचा हात तेवढा नेमका नसतो. कार्तिकी नुसती फेऱ्या मोजत होती. शेवटच्या फेरीला ती म्हणाली, आता. काही आवाज झाला नाही. फक्त सगळ्यांच्या अंगातून वजन निघून गेलं, पातेल्यातून वाफ जावी तसं, आणि यल्लूबाईंचा पदर आपला आपण वर उठला. खिडकीतून मावळत मागे जाताना दिसली. दोर तिच्यामागे शेपटासारखा हेलकावत होता. थोड्या वेळाने मावळतीचा एक ठिपका झाला. त्या ठिपक्यात पथकाची तीन पिढ्यांची हत्यारं होती.

तीन दिवसांनी तांबोळींनी ताऱ्यांवरून मोजणी पूर्ण केली. ठरल्या जागेपासूनची चूक तीन किलोमीटर. चाळीस चालली असती. घरात एकच गलका झाला, आणि यल्लूबाईंनी जाहीर केलं की आज गोड करायचं.

वजनाविना स्वयंपाक म्हणजे शिक्षा होती. गुळाची ढेप आणायला त्या भांडारात तरंगत गेल्या, तांदळाच्या पोत्यांमागे हात घातला आणि त्यांच्या बोटांना दगड लागला. शाल बाजूला केली. पाटा. वरवंट्यासकट. पाट्याला टाकी लावायची लहान छिन्नीसुद्धा, फडक्यात बांधलेली.

एकतीस किलो! म्हणजे शंभर किलोमीटर. माझ्या दगडापायी सगळे बुडणार. त्या तशाच भिंतीला धरून राहिल्या. मग त्यांना तांबोळींचा आकडा आठवला. तीन किलोमीटर. मोजणी खोटी नव्हती. पाटाही खोटा नव्हता, तो हातात होता.

शाळा तिसरीत सुटलेल्या बाईने मग भांडारात, गुळाच्या ढेपेशेजारी, जन्मातलं पहिलं गणित केलं. संवेग हरवत नाही. पाटा इथे आहे आणि तरी वेग बरोबर आलाय, तर एकतीस किलो दुसरं काहीतरी तिकडे गेलंय. ते कुणाचं? यादीत नसलेलं, कुणी मागितलेलं नसलेलं. पाटा डब्यातून परत कोण काढू शकतं? डब्यापाशी सोळा तास कोण उभं होतं?

यल्लूबाई सुनेच्या खोलीकडे निघाल्या. हाताने भिंत ढकलली तर भिंतीनेही त्यांना तितक्याच जोराने ढकललं, आणि दोनदा डोकं आपटून त्या दारात पोचल्या. कार्तिकी खिडकीशी होती. तिच्या मागच्या भिंतीवर चार पट्ट्या मोकळ्या तरंगत होत्या.

यल्लूबाई पट्ट्यांकडे बघत राहिल्या. सुनेने मागे वळून पाहिलं आणि तिला कळलं की यांना कळलं. तिने गडबडीने सांगायला सुरुवात केली, की यानाच्या कामाला दुसरं यंत्र आहेच, दुर्बीण लागत नव्हती, आणि तुम्ही तो पाटा ठेवताना धूळ पुसलीत ते मी पाहिलं. यल्लूबाईंनी हात वर करून तिला थांबवलं.

“दुर्बीण अठ्ठावीस. पाटा एकतीस. वरचे तीन कुठले?”

कार्तिकी खाली बघू लागली. “जाड बूट,” ती म्हणाली. “आणि लग्नातला शालू.”

शालू यल्लूबाईंनी घेतलेला होता. जरीचा, अस्सल, चार दुकानं फिरून. मग त्यांनी दाराची चौकट एका हाताने घट्ट धरली, म्हणजे बोलताना मागे तरंगत जायला नको.

“ऐक, कार्तिकी. तुला माणसं कळत नाहीत, किलो कळतात, असं मी चार महिने सगळ्यांना सांगत फिरले. ते मीच परत सगळ्यांना सांगेन, की यल्लू धोत्रे चुकली. तोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. सगळी आपल्या बाजूला बोट लावतात. स्वतःची बाजू हलकी करून तोल सांभाळणारी तू पहिली. आता मंगळावर उतरल्यावर तुझ्यासाठी आरसा मी घासणार. दोन वर्षं लागू देत, दगडावर हात फिरवलेल्या बाईला काचेचं काय भय! तुझ्या वडिलांनी कसा घासला ते तेवढं तू सांग. आणि चल आता, ताट वाढलंय.” त्या वळल्या, मग चौकट न सोडता पुन्हा मागे पाहिलं. “पण शालू टाकलास ते मी विसरणार नाही.”